बिनशटरचा गाळा

मालकांनी आयुष्यात कुणाचं दार वाजवलं नाही. त्यांचं लहानपण मामाकडं, शनिशिंगणापूरला गेलं. तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं. त्यामुळे दाराशी आधी थांबायचं असतं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. पुढं कोल्हारात येऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरात ते सरळ चुलीपर्यंत जायचे, पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचे आणि मग विचारायचे, "कोन हाय का घरात?" नव्या सुना किंचाळायच्या. सासवा परसातून ओरडून सांगायच्या, "भिऊ नको गं, मालक हायती."

एका पतसंस्थेनं काचेचं दार बसवलं तेव्हा मालक त्या दारावर नाकासकट आदळले. आठ दिवस नाकावर पट्टी होती. त्यानंतर ते बाहेरच उभं राहून खिडकीच्या गजांतून मॅनेजरला हाक मारायचे आणि जे काय काम असेल ते तिथूनच उरकायचे. मॅनेजरनं पुष्कळ समजावलं की दार नुसतं ढकललं तरी उघडतं. मालक म्हणाले, "ढकलून जायाचं तर त्याला दार कशाला म्हनायचं? भित म्हना."

त्यांना मालक म्हणायचे ते त्यांच्या पाच गाळ्यांमुळं. नगर-मनमाड रस्त्याला लागून ओळीनं पाच गाळे, मागं त्यांचा ऊस. गाळे बांधताना गवंड्यानं शटरचं माप विचारलं, तर मालक त्याच्या अंगावर गेले. "दुकानाला दार? गिऱ्हाइकाला हाकलायला?" ज्यांनी गाळे घेतले त्यांनी आपापल्या खर्चानं शटर बसवून घेतली. पाचवा गाळा मात्र रिकामा होता, म्हणून तो अजून सताड उघडा होता. दुपारी त्यात शेळ्या बसायच्या.

त्या गाळ्यावर माझा डोळा होता.

मी तेव्हा एका दूध संघात इलेक्ट्रिशियन होतो. परमनंट. हा शब्द आमच्या घरात कसा उच्चारला जायचा ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा हायस्कुलात एकतीस वर्षं शिपाई होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. आम्हाला जमीन नाही. आज्यानं दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य काढलं, दादांनी हेडमास्तरांच्या दाराबाहेर. मी परमनंट झालो त्या दिवशी दादांनी वस्तीभर पेढे वाटले आणि माझ्या ऑर्डरला फ्रेम करून ती भिंतीवर लावली. पाहुणे आले की आधी फ्रेम, मग पाणी.

पण माझा जीव मोटारींच्या वायंडिंगमध्ये. व्होल्टेजचा खेळ असा चालायचा की भागातल्या विहिरींवरच्या मोटारी रोज जळायच्या. शेतकरी जळालेली मोटार घेऊन श्रीरामपूर नाहीतर संगमनेर गाठायचे आणि चार-चार दिवस उसाकडं बघत बसायचे. सुट्टीच्या दिवशी मी आमच्या अंगणात मोटारी खोलायचो, जळालेली तार काढून नवी भरायचो, वॉर्निश करून उन्हात ठेवायचो. ज्यांच्या मोटारी भरल्या त्यांनी मला सांगून सांगून हैराण केलं की रस्त्यावर दुकान टाक. शेवटी माझ्या मनानं घेतलं. पण नोकरी सोडायची तर आधी जागा हवी.

मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी "देऊ की" म्हणाले, चहा पाजला, गाव विचारलं, वस्ती विचारली, आणि पुढच्या आठवड्यात तिन्ही गाळे त्यांच्या त्यांच्या भाच्यांना देऊन झालेले होते. आपल्या तालुक्यात गाळ्यावाचून खोळंबलेले एवढे भाचे आहेत याची मला कल्पना नव्हती.

मालकांकडं गेलो तेव्हा मीच आधी म्हणालो, "तुमचा भाचा असेल तर आत्ताच सांगा. फुकट हेलपाटा नको."

मालक शेळीच्या कानातली गोचीड काढत होते. म्हणाले, "हाय की भाचा. लई आळशी हाय पन. तुला बूड हाय का?"

मला कळेना.

"आरं, बूड! दुकान मालानं चालत न्हाई, बुडानं चालतं. मोटारी तू लई भारी भरतूस, ठाव हाय मला. पन बसता येतंय का?"

मग त्यांनी परीक्षा समजावून सांगितली. एकवीस दिवस रिकाम्या गाळ्यात बसायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. आत फक्त मी आणि त्यांचं एक लाकडी स्टूल. माल नाही, हत्यार नाही, पेपर नाही, रेडिओ नाही. डबा तिथंच खायचा. उठायचं ते फक्त एक नंबर-दोन नंबरला. आणि कुणी काही मागायला आलं तर 'नाही' हा शब्द काढायचा नाही.

"माझ्याकडं काहीच नसलं तर काय म्हणू?"

"कुठं मिळंल ते सांग. आन चिडायचं न्हाई. चिडला की नापास."

"पास झालो तर?"

"गाळा तुझा. मी जित्ता हाय तवर कुनी उठवनार न्हाई."

एका दुकानदाराचा राग त्यांनी सगळ्या जगावर काढायला घेतला होता. पहिल्या गाळ्यात म्हणे एक जण होता. माल उत्तम, पण आठवड्यातले चार दिवस गायब. एकदा एक म्हातारी तीन कोस चालत आली आणि कुलूप बघून तिथंच पायरीवर रडली. मालकांनी दुसऱ्या दिवशी त्याचा माल बाहेर काढला. "तिचा तळतळाट दुकानदाराला लागत न्हाई, जागंला लागतो," असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून स्टूल. चार जण पास झाले होते, ते चार गाळ्यांत होते आणि मॅट्रिकला पहिले आल्याच्या थाटात वावरत होते. नापासांची यादी मात्र लांबलचक होती. फोटो स्टुडिओवाला चौथ्या दिवशी पळाला. साड्यांच्या दुकानाचं स्वप्न बघणारा एक जण नवव्या दिवशी दुपारी उठला आणि चपला न घालताच घरी गेला, असं शेजारच्या गाळ्यातला टेलर मोठ्या चवीनं सांगायचा.

माझी हक्काची रजा बरोबर एकवीस दिवस शिल्लक होती. बाविसाव्या दिवशी एक तर कामावर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. मी रजा टाकली. घरी सांगितलं नाही. सांगणार कसं? रोज युनिफॉर्म घालून, डबा घेऊन, ड्युटीच्या वेळेला सायकलवर निघायचो आणि कोल्हारात येऊन स्टुलावर बसायचो.

त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. डुलकी आली की माणूस सरळ जमिनीवर. मालकांनी तो मुद्दाम कापून घेतलेला, असं टेलर म्हणाला. शाळेत सगळे मास्तर मला "बुडाला भिंगरी लागलीय" म्हणायचे. पहिल्या तीन दिवसांत मी स्टुलावरून पाच वेळा पडलो. समोरच्या चहाच्या टपरीवर माणसं मोजत होती.

लोक यायचे. उघडी जागा आणि आत बसलेला माणूस दिसला की लोक येतातच, याचं मला अजून नवल वाटतं. कुणी मेथीचं बी विचारायचं, कुणी लग्नाच्या पत्रिका, कुणी शिर्डीची गाडी. मी "अमक्याकडं मिळेल, तिसरं दुकान" असं सांगायचो. आठ दिवसांत मला अख्ख्या बाजाराची माहिती झाली.

पण काही गिऱ्हाइकं विचित्र होती. एका बाईनं माझ्याकडं दुधी भोपळा मागितला आणि नसलेल्या भोपळ्याचा भाव अर्धा तास पाडला. एक जण रोज येऊन "वजन करायचंय" म्हणायचा. आणि एक मिशीवाला गडी तर बॅटरी घेऊन आला, ती माझ्यापुढं आपटली आणि ओरडला, "काल तुमच्याकडनं नेली, आज पेटंना! गरिबाला फसवता व्हय?"

मी चारी बाजूच्या मोकळ्या भिंतींकडं बघितलं. "आमच्याकडून?"

"मंग काय माझ्या सासऱ्याकडनं?"

जीभ चावून मी ती बॅटरी घेतली, उघडली, सेल उलटे घातले होते ते सुलटे केले. बॅटरी पेटली. मिशीवाला जरा हिरमुसला होऊन गेला. संध्याकाळी सायकल काढताना बघतो तर तो टपरीमागं मालकांबरोबर भजी खात बसलेला. तो मालकांचा सख्खा मेहुणा निघाला. भोपळेवाली त्याची बायको होती.

एवढं कळल्यावर मला चेव आला. म्हटलं, असं होय! पुढच्या दिवसांत मी मालकांचे हेर बिनचूक ओळखायला लागलो आणि त्यांची मजा घ्यायला लागलो. वजनवाला आला की म्हणायचो, "काट्याला आज सुट्टी आहे, उद्या रिकाम्या पोटी या." मालक लांबून बघायचे आणि धोतराच्या सोग्यात तोंड दाबून हसायचे. सतरा दिवस झाले. मी आता स्टुलावरून पडत नव्हतो. मनातल्या मनात मी दुकानाची पाटीसुद्धा रंगवून टाकली.

अठराव्या दिवशी दुपारी एक पटकेवाला म्हातारा आला. चौकटीशी उभा राहून म्हणाला, "इथं मोटारीचं काम व्हतंय म्हन्त्यात. आमची जळालीय. भरता का?"

माझं हसू फुटलं. मालकांनी आता मोटारच जाळली होती! मी पायावर पाय टाकून आरामात म्हणालो, "भरतो की. विहीरपण घेऊन या, तीही भरू. आणि मालकांना सांगा, एवढ्या लांबनं माणसं आणू नका, भजी महाग पडतील."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग "बरं," म्हणाला. दोन्ही हात जोडले आणि निघून गेला.

तो गेला, पण त्याचा वास गाळ्यात राहिला. जळालेल्या वायंडिंगचा वास. वॉर्निश आणि तांबं एकत्र जळालं की जो घशात बसतो, दोन दिवस आंघोळ केली तरी बोटांतून जात नाही, तो. हा वास मालकांना काय, कुणालाच भज्यांवर विकत घेता येत नाही. मला एकदम कळलं, हे गिऱ्हाइक खरं होतं. तीन कोस चालून आलेली ती म्हातारी आठवली, आणि मी तर कुलूपसुद्धा न लावता एका माणसाला हात जोडायला लावून परत पाठवलं होतं.

मी उठलो आणि पळत सुटलो. टपरीवरची माणसं "उठला रं, उठला!" म्हणून ओरडली. मी पळतच राहिलो. प्रवरेच्या पुलावर त्याची बैलगाडी गाठली. गाडीत पोत्यावर मोटार होती.

"बाबा, चुकलो. फिरवा गाडी. मी भरतो."

म्हातारा कासऱ्याला ओढ देत म्हणाला, "मला वाटलं, तुमचं डोकं जळालंय."

बैलगाडीबरोबर परत यायला चांगला अर्धा तास गेला. वाटेत मला कळून चुकलं होतं की गाळा गेला. बाविसाव्या दिवशी मुकाट्यानं युनिफॉर्म घालायचा आणि अठ्ठावन्न वर्षांचं होईपर्यंत दूध संघाचे कॉम्प्रेसर बघायचे. एवढी एक मोटार मात्र भरून द्यायची, मग ती अंगणात का होईना.

गाळ्यासमोर येऊन बघतो तर स्टुलावर दादा.

पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. एकतीस वर्षं हेडमास्तरांच्या दाराबाहेर बसायचे तसेच. आखूड पायाचं ते स्टूल त्यांच्याखाली गपगार उभं होतं. चौकटीबाहेर एक बाई पिशवी घेऊन बसली होती, तिच्यानंतर एक पोस्टमन, आणि पोस्टमनच्या शेजारी दगडावर, पाय जवळ घेऊन, खुद्द मालक.

झालं होतं असं, की दादा मला घरी न्यायला आले होते. गाळ्यात कुणीच नाही आणि बाई दाराशी ताटकळलेली बघून ते जरा टेकले. मग पोस्टमन आला. दादा म्हणाले, "काय काम आहे? साहेब बाहेर गेलेत. बसा." मग मालक आले आणि सवयीप्रमाणं सरळ आत घुसायला लागले. दादांनी बसल्या जागेवरून नुसता हात आडवा केला. "ओ पाव्हनं, रांगेत बसा. आत कुनी न्हाई जायचं."

जिथं दारसुद्धा नव्हतं तिथं मालक थांबले.

मी काही बोलायच्या आत दादाच बोलले. "तीन दिवसांतच कळलं आम्हाला. तुझ्या कपड्यांना दुधाचा वास यायचा बंद झाला, तुझ्या आईनं धुताना ओळखलं. मग वस्तीतल्या एकानं तुला इथं स्टुलावर बसलेलं बघितलं. म्हटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. आता चल घरी. उद्या हजर हो कामावर."

मग ते मालकांकडं वळले. मालक कोण हे त्यांना एव्हाना पोस्टमननं सांगितलं होतं, तरी आवाज चढलाच. "तुमचं बरं हाय. मागं ऊस हाय, पुढं गाळं हायती. आमच्याकडं काय हाय? पगाराची तारीख हीच आमची जमीन. ती इकून ह्यानं स्टुलावर बसायचं?"

मालकांनी उसाकडं बघितलं. मग दगडावरून उठले, चौकटीशी आले, पण आत आले नाहीत. मला म्हणाले, "तू नापास. सतरा दिस बसला, अठराव्याला उठला. ज्याच्यासाठी उठला ते बराबर हाय, पन नापास म्हंजी नापास." मग दादांना म्हणाले, "काचंच्या दारानंतर मला आडवनारं तुमीच. गाळा तुमाला दिला. ह्याचं हात चालत्यात, बूड न्हाई. तुमी बसा, त्यो भरंल मोटारी."

दादांनी माझ्याकडं बघितलं. गाडीतल्या मोटारीकडं बघितलं. गाडीवाल्या म्हाताऱ्याकडं बघितलं, तो बिचारा अजून कुणाला विचारावं या विचारात होता. दादांच्या चेहऱ्यावर हेडमास्तरांची बेल ऐकण्यापूर्वीचा तो जुना सावधपणा आला.

"मी बसतो," दादा मला म्हणाले, "पन मला परमनंट करनार असशील तर."

टपरीवरून टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी पोत्यातली मोटार उचलायला धावलो.

दादांनी मला एकदम राजीनामा देऊ दिला नाही. आधी सहा महिन्यांची बिनपगारी रजा, तिचा अर्ज त्यांच्याच अक्षरात. सहा महिन्यांनी मी नोकरी सोडली, तेव्हा त्यांनी भिंतीवरची ऑर्डर काढली नाही. फ्रेम पुसून परत लावली. गाळा मिळाल्यावर मी पहिली गोष्ट केली होती ती म्हणजे शटर बसवलं. दुसऱ्याच सकाळी ते अर्धं उघडलेलं असताना मालक त्याच्यावर कपाळानं आदळले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दादा पाच वर्षं त्या स्टुलावर बसले. आखूड पाय मी बदलून देतो म्हणालो, तर म्हणाले, "सरकारी स्टुलं पन अशीच असायची." रजा हवी असली की रीतसर अर्ज द्यायचे: 'गुडघा दुखत असल्याकारणाने एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.' मी 'मंजूर' लिहून सही केल्याशिवाय घरी बसायचे नाहीत. आणि मालक, जे अख्ख्या कोल्हारात कुणाच्याही चुलीपर्यंत जायचे, ते आमच्या दुकानापाशी रोज चौकटीबाहेर थांबायचे. दादा "या मालक" म्हणाले की मगच आत. त्यात दोघांनाही काय गंमत वाटायची कोण जाणे. कधी कधी दादा मुद्दाम दोन मिनिटं उशीर करायचे.

मग एका सोमवारी, आठवडी सुट्टीच्या दिवशी, दादा झोपेतच गेले. अर्ज न देता घेतलेली त्यांची ही एकच रजा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं. स्टूल तिथंच होतं. त्याच्याकडं न बघता मी मागं जाऊन तारा सोडवायला बसलो. थोड्या वेळानं मान वर केली तर चौकटीबाहेर मालक उभे.

"या ना मालक," मी म्हणालो.

ते हलले नाहीत. नुसती स्टुलाकडं नजर टाकली.

मी हात पुसले. उठून स्टुलावर बसलो. पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले. दोनदा घसा साफ केला.

"काय काम आहे?"

"तुझ्या बापाकडं आल्तो."

"साहेब बाहेर गेलेत," मी म्हणालो. "बसा."

मालक मागं सरून दगडावर बसले. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. आम्ही दोघं बसून होतो. मी आत, ते बाहेर. मग उपरण्यानं डोळे पुसून ते म्हणाले, "सतरा झालं हुतं तुझं. आज अठरावा धर."